अंगणवाडीतल्या फोनची बॅटरी: एका तक्रारीचा पूर्ण तपास

तक्रार अशी होती. सकाळी साडेसातला चार्जरवरून काढलेला फोन पूर्ण भरलेला असतो. दुपारी दीडच्या सुमाराला तो तीस टक्क्यांवर येतो आणि एखाद्या लाभार्थ्याचा फोटो काढताना फट्कन बंद पडतो. घरी येऊन चार्जरला लावला की लगेच सुरू होतो आणि पुन्हा अठ्ठावीस-तीस टक्के दाखवतो. बॅटरी संपलेली नसताना फोन मरतो कसा, हे कुणालाच उलगडत नव्हतं.

फोन एका अंगणवाडी सेविकेचा. भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, नीरा देवघर धरणाच्या पाण्यालगत डोंगराच्या कुशीत ज्या वाड्या आहेत, त्यांतल्या एका वाडीत त्यांची अंगणवाडी भरते. त्या राहतात रस्त्यावरच्या मोठ्या गावात. माझं भोरमध्ये मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बाजाराला आल्या तेव्हा ताईंनी फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, नवीन बॅटरी टाका. सगळं करून बघितलं."

सगळं म्हणजे काय केलं ते मी नीट विचारून घेतलं, कारण तपासाची सुरुवात तिथून होते. ब्लूटूथ कायम बंद. लोकेशन बंद, कामापुरतं चालू. स्क्रीनचा उजेड इतका कमी की उन्हात काही दिसेना. डार्क मोड चालू. दर थोड्या वेळाने मागची सगळी ॲप्स सरकवून बंद करायची सवय. शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून बॅटरी वाचवणारं एक 'क्लीनर' ॲप टाकलेलं. त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांनी दिलेले सल्ले त्यांनी मनापासून पाळले होते. त्यांतल्या एकानेही म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता.

हे काम साधं नाही, म्हणून थोडं सांगतो. पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. तेव्हापासून अंगणवाडीची हजेरी, मुलांची वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी फोनवर गेल्या. आता घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहराही फोनने ओळखावा लागतो. म्हणजे फोन दुपारी मेला की नोंदी अडतात, आणि नोंदींमागे माणसं अडतात. २०२१ मध्येच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी मिळालेले सरकारी फोन परत करण्याचं आंदोलन केलं होतं. कमी रॅम, गरम होणं आणि दुरुस्तीचा खर्च या तक्रारी त्यात होत्या. ताईंचा आत्ताचा फोन त्यापेक्षा बराच चांगला. ५जी चालणारा, ५,००० एमएएच बॅटरीचा, साधारण तीन वर्षं वापरलेला. तरी दुपार गाठत नव्हता.

दुकानात पहिलं काम केलं ते बॅटरी मोजायचं. पूर्ण उतरवून यूएसबी मीटर लावून भरली तर अंदाजे ३,५०० एमएएचच जागा उरलेली दिसली. तीन वर्षं रोज भरणाऱ्या-उतरणाऱ्या बॅटरीला हे साजेसं आहे. सहा तासांत सत्तर टक्के जायचे, म्हणजे सुमारे २,४५० एमएएच. तासाला सरासरी ४०० मिलिॲम्पियर. ताई दिवसात स्क्रीन आणि कॅमेरा मिळून दोन तास वापरतात असं धरलं, तर त्याचे हजारेक जातील. उरलेले जवळजवळ दीड हजार कुठे जातात? खरा प्रश्न हा होता.

मग फोन उघडला, बॅटरी काढून डीसी सप्लायच्या वायरी लावल्या आणि स्क्रीन बंद करून ॲमीटर बघत बसलो. भोरमध्ये रेंज चांगली आहे. आकडा दहा-वीस मिलिॲम्पियरवर लुकलुकत राहिला, मधूनच वर उडी मारायचा आणि परत खाली यायचा. निरोगी फोन असाच दिसतो. मग तोच फोन वायरींसकट बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. पत्र्याने रेंज मारली. थोड्याच वेळात आकडा दीडशेवर गेला, अडीचशेवर गेला, मधूनमधून चारशे दाखवू लागला. स्क्रीन बंद, एकही ॲप चालू नाही. ताई समोर उभ्या राहून बघत होत्या. झाकण काढलं की आकडा खाली, झाकण लावलं की वर. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं.

याचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ४जी फोन जास्तीत जास्त २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट ताकदीने बोलतो. टॉवर जवळ असेल तर एक मिलिवॅटही लागत नाही. किती जोर लावायचा हे टॉवर फोनला सतत सांगत असतो. जवळच्या माणसाशी आपण हळू बोलतो आणि पल्याडच्या डोंगरावरच्या माणसाला ओरडून हाक मारतो, तसंच हे आहे. हवेत २०० मिलिवॅट सोडायला आतला ॲम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कित्येक पट ओढतो. बाकीची शक्ती उष्णतेत जाते, म्हणून कमी रेंजमध्ये फोन पाठीला गरम लागतो. त्यात आणखी एक फटका आहे. रेंज कमी असली की वेग पडतो, म्हणजे जो फोटो भोरमध्ये काही सेकंदांत जातो तो वाडीत मिनिटं घेतो. मोठ्याने ओरडायचं आणि तेही जास्त वेळ, असा दुहेरी खर्च.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की मागच्या ॲप्सना आवर घालणारी सोय आहे. ती चांगली आहे. पण रेंज शोधण्याचं काम मोडेम, म्हणजे फोनमधला टॉवरशी बोलणारा भाग, स्वतःच्या हिशोबाने करतो आणि तिथे या सोयीचा हात पोचत नाही. ॲप्स सरकवून बंद केल्यानेही तो थांबत नाही. उलट कामाचं ॲप दर वेळी नव्याने उघडावं लागतं, त्यालाच जास्त बॅटरी जाते. ब्लूटूथचा रेडिओ सहसा काही मिलिवॅटमध्येच काम करतो आणि काही जोडलेलं नसेल तर त्याचा खर्च हिशोबात धरण्यासारखाही नसतो. जीपीएस फक्त ऐकतं, प्रक्षेपण करत नाही. ते सतत चालू राहिलं तर बॅटरी खातं हे खरं, पण ताईंचं ते सतत चालू नव्हतंच. डार्क मोडने बचत होते ती ओलेड स्क्रीनवर. ताईंच्या फोनची स्क्रीन एलसीडी, तिच्यामागचा दिवा काळ्या रंगालाही तेवढाच जळतो. आणि ते क्लीनर ॲप जाहिराती आणण्यासाठी दिवसभर नेट वापरत होतं. ते मी तिथल्या तिथे काढून टाकलं.

बॅटरी मात्र त्या दिवशी बदलली नाही. दोन गोष्टी एकदम केल्या असत्या तर कशाने किती फरक पडला हे कळलं नसतं. ताईंना म्हटलं, "ताई, आधी वाडी बघू द्या." त्या म्हणाल्या, "या की. पण रेंज येत नाही म्हणून तर सगळे तुमच्याकडे येतात."

वाडीत गेलो ते अंगणवाडी भरलेली असतानाच. एक खोली, पत्र्याचं छप्पर, मागे डोंगराचा उतार, पुढे धरणाचं पाणी. टॉवर पाण्याच्या पलीकडच्या अंगाला. मुलं फोनला हात लावतात म्हणून ताईंची पर्स सकाळपासून लोखंडी कपाटात असायची आणि फोन पर्समध्ये. लागला की काढायचा, काम झालं की परत कपाटात.

बहुतेक अँड्रॉइड फोनवर डायलपॅडमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की फोनची माहिती उघडते आणि त्यात रेंजचा आकडा दिसतो. नाहीतर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये सिम स्टेटस पाहायचं. तो आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे ११०च्या खाली गेला की फोन धापा टाकतो. कपाटात दार लोटून ठेवला तेव्हा उणे १२१. टेबलावर उणे ११३. पाण्याकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर उणे १०६. बाहेर ओट्यावर उणे १०१. कपाट आणि खिडकी यांत १५ डेसिबलचा फरक. डेसिबलचा हिशोब असा, की १० म्हणजे दहा पट आणि ३ म्हणजे दुप्पट, तर १५ म्हणजे तीसेक पट. एकाच खोलीत चार पावलांवर तीसेक पट फरक! रेंजच्या काड्यांवर हा फरक दिसत नाही, कारण दोन्हीकडे एकच काडी होती. म्हणून मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, काड्या बघू नका, आकडा बघा.

दुसरी गोष्ट निघाली सिमची. फोनमध्ये दोन सिम. एकाला वाडीत पातळ का होईना, रेंज आहे. दुसरं जुनं, बँकेला आणि आधारला जोडलेलं, म्हणून ताईंनी ते सोडलं नव्हतं. त्याची रेंज गावात आहे, वाडीत नाही. पण 'नाही' म्हणजे अगदीच नाही असंही नव्हतं. अधूनमधून पाण्यावरून रेंजची एखादी झुळूक यायची, सिम जोडलं जायचं आणि मिनिटभरात सुटायचं. फोनला याहून वाईट काही नाही. अजिबात रेंज नसेल तर मोडेम थोडी थोडी दमछाक कमी करत शोधण्यातलं अंतर वाढवतो. काठावरची रेंज मात्र त्याला पुन्हा पुन्हा उठवते. आपल्याकडे ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० मेगाहर्ट्झचे बँड आहेत, त्यात ५जीचे ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे वाढले. सिम सुटलं की यांतले फोनला चालणारे बँड धुंडाळायचे, सापडलं की नोंदणी करायची, सुटलं की पुन्हा सुरुवात. हे ताईंच्या कपाटात सकाळभर चाललेलं असायचं.

तिसरी गोष्ट लहान वाटते, पण तिचं काम मोठं. व्हॉट्सॲपचे कामाचे आणि घरचे बरेच ग्रुप, फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरायची सोय चालू. एक निरोप आला तरी रेडिओ जागा होतो आणि काम संपल्यावर पुन्हा काही येईल म्हणून साधारण दहाएक सेकंद तसाच जागा राहतो. सकाळच्या वेळी मिनिटाला एक निरोप येत असेल तर त्याला झोप मिळतच नाही. त्यात मदतनीस ताईंच्या फोनला हॉटस्पॉट दिलेला. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनला वायफायची खूण सेकंदाला दहाएक वेळा हवेत सोडत राहावं लागतं, पलीकडे कुणी नेट वापरो न वापरो.

म्हणजे वाडीत चार गोष्टी एकावर एक बसल्या होत्या आणि सगळ्या रेडिओच्या होत्या.

उपाय फोन न उघडता केले. फोनची जागा बदलली. खिडकीच्या कट्ट्यावर, मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर एक लाकडी फळी ठोकली. काम जवळच्याच सुताराने केलं. दुसरं सिम सेटिंगमधून सकाळी बंद करायचं, संध्याकाळी गावात आल्यावर चालू करायचं. त्या नंबरवरचे फोन चुकू नयेत म्हणून कॉल सेटिंगमधून 'नॉट रीचेबल असताना' पहिल्या नंबरवर फॉरवर्ड लावलं. ओटीपीचे मेसेज असे फॉरवर्ड होत नाहीत, तेव्हा बँकेची कामं संध्याकाळीच, हे ताईंना पटवावं लागलं. नेटवर्क ४जीवर बांधलं. वाडीत ५जी नाहीच, त्यामुळे तिथे या बदलाचा उपयोग थोडाच, पण येता-जाता रस्त्यावर फोन ५जीच्या काठावर लटकायचा तो थांबला. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. काही कंपन्यांचं ५जी अजूनही ४जीच्या आधाराने चालतं, म्हणजे फोनला दोन्ही जोडण्या धराव्या लागतात. भोरसारख्या ठिकाणी ते चालून जातं, घाटात त्याचा भार होतो.

डेटाचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. फ्लाइट मोडवर टाका म्हणणं सोपं, पण सुपरवायझर मॅडमचा फोन आला आणि लागला नाही तर ताईंना बोलणी बसतात. यावर उपाय असा, की मोबाइल डेटा बंद ठेवला तरी व्होल्टीवरचे, म्हणजे ४जीवरूनच होणारे, कॉल येतात-जातात. हे फार जणांना माहीत नसतं. तेव्हा डेटा एरवी बंद आणि दिवसातून ठरलेल्या दोन वेळा, खिडकीशी उभं राहून, नोंदी आणि फोटो एका दमात. घरपोच आहाराच्या दिवशी माताही त्याच खिडकीपाशी बसवायच्या. उजेडही तिथे चांगला पडतो, त्यामुळे चेहरा पहिल्या फटक्यात ओळखला जातो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागत नाहीत. हॉटस्पॉट बंद. ग्रुपमधलं आपोआप उतरणं बंद. घरी मुलाने ब्रॉडबँड घेतलंय, तिथे वायफाय कॉलिंग चालू करून दिलं, कारण घरातही भिंतीआड रेंज पडतच होती.

ब्लूटूथ, लोकेशन, उजेड हे सगळं मी परत चालू करून दिलं. उन्हात स्क्रीन वाचताच येत नसेल तर माणूस एकच काम दुप्पट वेळ करतो.

जुनीच बॅटरी ठेवून असं आठवडाभर चालवलं. दुपारी दीडला फोन पन्नासच्या आसपास राहू लागला. आधीच्या तीसवरून पन्नास, एक रुपया खर्च न करता, सुताराचे पैसे सोडले तर. पण अचानक बंद पडणं पूर्ण थांबलं नव्हतं. संध्याकाळी तीसच्या खाली आल्यावर फ्लॅश लावून फोटो काढला की फोन जायचाच.

हा भाग मात्र बॅटरीचाच होता. लिथियम बॅटरी जुनी होते तेव्हा तिची साठवण कमी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यासोबत तिचा आतला अडथळाही वाढतो, ते कुणी सांगत नाही. समजा, बॅटरी ३.६ व्होल्टवर आहे आणि अडथळा ०.३ ओहमपर्यंत गेलाय. कॅमेरा, फ्लॅश, प्रोसेसर आणि पूर्ण ताकदीने ओरडणारा रेडिओ यांनी एकदम २ ॲम्पियर मागितले तर ०.६ व्होल्ट आतच पडतात. फोनला उरतात ३. तेवढ्यावर फोन चालत नाही, तो स्वतःला बंद करून घेतो. मागणी थांबली की व्होल्टेज परत चढतं, म्हणून चार्जरला लावताच तीस टक्के दिसतात. टक्का खोटा नसतो, पण तो देण्याची ताकद बॅटरीत राहिलेली नसते. हाच प्रकार आयफोनमध्येही झाला होता. जुन्या बॅटरीचे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. तिथून बॅटरीची तब्येत फोनमध्येच दिसायची सोय आली.

मग बॅटरी बदलली. कंपनीची मूळ मागवून, चार दिवस थांबून. बाजारात निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नकली बॅटऱ्यांवर आकडा ५,००० लिहिलेला असतो, पण भरून मोजल्या की उघड्या पडतात. फुगण्याची भीती वेगळीच. रोज मुलांच्या खोलीत राहणाऱ्या फोनमध्ये मी तसली बॅटरी टाकत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी.

नव्या बॅटरीवर दुपारी दीडला पासष्ट टक्के आणि संध्याकाळी गावात पोचल्यावर चाळीसच्या वर, असा दिवस जातो. बंद पडणं थांबलं. आधीच बॅटरी बदलून दिली असती तर? दीडला फोन पन्नासवर राहिला असता, ताई खूश झाल्या असत्या, आणि सिम, कपाट, डेटा यांचा रोजचा मार खाऊन तीही बॅटरी लवकर थकली असती. म्हणूनच मी आधी जागा बघायला गेलो.

ताईंची पॉवर बँकेबद्दलही एक तक्रार होती: "दहा हजारची म्हणून घेतली, फोन दोनदासुद्धा धड भरत नाही." ती फसवणूक नव्हती. दहा हजारचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा, म्हणजे ३७ वॅट-तास. त्याचे ५ व्होल्ट करताना काही शक्ती जाते आणि फोनमध्ये शिरताना आणखी काही. हातात सहा-साडेसहा हजारांचं काम येतं. तिच्यावर लिहिलेलं 'रेटेड कपॅसिटी' वाचलं की खरा आकडा कळतो.

पावसाळ्यासाठी वेगळं सांगून ठेवलंय. लोक म्हणतात पावसाने रेंज जाते. फोनच्या या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या धारा फारशा अडवत नाहीत. घाटात वीज जाते, टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात आणि मग टॉवरच बसतो. असं झालं की वाडीतला प्रत्येक फोन रेंज शोधत फिरतो आणि वीज नसताना, जेव्हा चार्ज सगळ्यात मोलाचा असतो, तेव्हाच तो सगळ्यात वेगाने उतरतो. अशा वेळी फ्लाइट मोड हाच इलाज, तासातासाने दोन मिनिटं काढून बघायचं. आशा ताईंनाही हे सांगितलंय, कारण रात्री बाळंतपणाला गाडी बोलवायची वेळ आली तर फोनमध्ये जीव असायला हवा.

वाडीच्या वरच्या अंगाला तीन घरं आहेत, डोंगराच्या पोटात. तिथे खिडकीही नाही आणि आकडाही नाही, कुठलंच सिम लागत नाही. कुठलीही सेटिंग तिथे रेंज निर्माण करू शकत नाही. तिथल्या माता आहाराच्या दिवशी खाली अंगणवाडीत येतात. ज्यांना दिवस भरत आलेत त्यांच्यासाठी ताई आहार घेऊन वर जातात, आणि चेहरा ओळखण्याची नोंद त्यांच्यापुरती मागे राहते. पलीकडच्या टॉवरवर या बाजूला तोंड केलेला एक अँटेना वाढवावा, असा अर्ज ग्रामपंचायतीने दिलाय. त्यासोबत खोली, ओटा आणि वरची तीन घरं यांचे मोजलेले आकडे मी कागदावर लिहून दिले आहेत.